आरएक्स-८चं इंजिन गेलं: पुन्हा रोटरी की व्ही-एट?

आरएक्स-८ ही माझदाची रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार. रोटरी म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, आणि ते कधीतरी जातंच. ही गाडी ठेवणाऱ्यावर ही वेळ आज ना उद्या येतेच. गाडी सकाळी थंडीत चटकन सुरू होते, पण पेट्रोल भरून पुन्हा आत बसलं की सेल्फ नुसता फिरत राहतो. मग कोणीतरी कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं ते, मोजून देतं, आकडे बघून आपलं तोंड उतरतं आणि रात्री सगळे झोपल्यावर इंजिनांचे भाव बघणं सुरू होतं. माझी गाडी २००४ची, सहा गिअरची. मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो, त्यामुळे खालचं बरंचसं मिशिगनच्या हवेत, रस्त्यांवर आणि कायद्यांत खरं ठरलेलं आहे. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल, ते समजून घ्या.

इंजिनावर पैसे टाकण्याआधी ते खरंच गेलंय का, एवढं बघा. साध्या गाडीचा कॉम्प्रेशन गेज इथे फसवतो. रोटरच्या तीन बाजूंपैकी जिचा दाब सर्वांत जास्त, तेवढाच आकडा तो दाखवतो आणि मेलेली बाजू लपून राहते. तिन्ही बाजू वेगळ्या मोजणारं रोटरीचंच यंत्र हवं आणि आकडा २५० आरपीएमला जुळवून घेतलेला हवा. कंपनीच्या पुस्तकात किमान ६.९ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) आहे. त्याच्या खाली एखादी बाजू गेली की वाद संपला. पण आकडे बरे असतील आणि गाडी तरी ओढत नसेल, तर आधी प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइल बदला आणि एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) उघडून बघा. या गाडीच्या कॉइल लवकर थकतात, मग न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, कॅट वितळून तुंबतं आणि धडधाकट इंजिनाचाही श्वास कोंडतो. अशा गाड्या 'इंजिन गेलेली' म्हणून विकल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. घेणाऱ्याची चंगळ.

आता पर्याय. किरकोळ ते आधी उरकतो.

जपानहून किंवा भंगारातून आणलेलं जुनं रेनेसिस, म्हणजे आरएक्स-८चं मूळचं रोटरी इंजिन, स्वस्त पडतं, पण कॉम्प्रेशनचा कागद हातात दिल्याशिवाय घेऊ नका. शिवाय ऑटोमॅटिक गाडीचं हवा आत घ्यायला चारच पोर्ट (छिद्रं) असलेलं इंजिन गळ्यात मारलं जात नाही ना, तेही बघा. जुन्या आरएक्स-७चं ट्विन टर्बो १३बी यात बसवणारे आहेत, मला ते हौसेला मोल नसल्याचं उदाहरण वाटतं. होंडाचं के२४ हा अलीकडचा शहाणा पर्याय. हलकं, सुटे भाग कुठेही मिळणारे, ॲव्हरेज चांगलं. व्यवहार म्हणून त्यात खोट काढता येत नाही. मी एकात बसलोही. पण या बॉनेटखालून चार सिलिंडरचा आवाज आला की मला दुसऱ्याच्या गाडीत बसल्यासारखं वाटतं, आणि हे कारण पुरेसं नाही हे मला मान्य आहे. २०२३मध्ये माझदाने एमएक्स-३०मध्ये जी नवी रोटरी आणली तिच्याकडे आशेने बघू नका. एक रोटर, ८३० सीसी, काम फक्त जनरेटर फिरवण्याचं.

उरले दोन: रेनेसिसच पुन्हा, किंवा जनरल मोटर्सचं (जीएम) एलएस जातीचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन.

रेनेसिस पुन्हा

यातही दोन वाटा. एक, कंपनीचं रीमॅन्युफॅक्चर्ड इंजिन. जुनं परत करायचं, नवं पेटीतून येतं, वॉरंटी असते, कोणताही बरा मेकॅनिक ते चढवू शकतो. ज्याला गाडीत हात काळे करायचे नाहीत त्याच्यासाठी हे सरळ आहे. फक्त आत कोणता भाग नवा आणि कोणता पुन्हा वापरलेला, हे तुम्हाला दिसत नाही. दुसरी वाट, रोटरीच बांधणाऱ्या माणसाकडे आपलं इंजिन नेऊन देणं. मला विचाराल तर रोटरी ठेवायचीच असेल तर ही दुसरी वाट धरा, कारण सगळा खेळ कोणते जुने भाग परत आत जातात यावर आहे, आणि ते तुम्ही डोळ्यांनी बघू शकता.

मी बघितले. बांधणाऱ्याने माझं पुढचं हाउसिंग, म्हणजे रोटर ज्याच्या आत फिरतो तो घेर, बाकावर आडवं ठेवलं, पुसलं आणि म्हणाला, नख फिरव. मधल्या भागावर नख सरळ सरकलं. प्लगच्या भोकाजवळ कडेला आलं तसं अडकलं. तिथे क्रोमचा थर पापुद्र्यासारखा सुटला होता आणि त्याच्याखाली पत्रा काळसर दिसत होता. प्रत्येक फेरीला रोटरच्या टोकावरचं एपेक्स सील त्या खाचेवरून जाणार, म्हणजे नवी सीलं टाकूनही ती लवकर खाल्ली जाणार. साठच्या दशकात हिरोशिमाच्या इंजिनिअरांनी या आतल्या पृष्ठभागावरच्या लाटालाटांच्या ओरखड्यांना सैतानाची नखं म्हटलं होतं, आणि त्यांवर उपाय सापडल्यावरच १९६७ची कॉस्मो, माझदाची पहिली रोटरी गाडी, बाजारात आली. माझ्या हाउसिंगवर तसल्या लाटा नव्हत्या. साधी झीज होती. पण हाउसिंग नवं घ्यावं लागणार हे तिथेच कळलं.

रेनेसिसची खोड मात्र हाउसिंगपेक्षा त्याच्या बाजू बंद करणाऱ्या प्लेटांत जास्त आहे. आधीच्या रोटऱ्यांचा धूर हाउसिंगमधून बाहेर पडायचा, याचा बाजूच्या प्लेटांतून पडतो. त्यामुळेच इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहत नाहीत, धूर स्वच्छ झाला, रेनेसिसला २००३मध्ये इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयरचा मान मिळाला. पण त्याच पोर्टांभोवती उष्णता साचते, काजळी धरते आणि रोटरच्या बाजूंवरची साइड सीलं हैराण होतात. प्लेटवर पायरी पडली असेल तर ती घासून सपाट करतात. तसं करताना वरचा नायट्रायडिंगचा कडक थर जातो. बांधणाऱ्याला विचारा, तो थर पुन्हा करून देणार का. या प्रश्नावर जो गोंधळतो त्याच्याकडे इंजिन देऊ नका.

माझदानेही हे दुखणं ओळखलं होतं. अमेरिकेत २००४ ते २००८च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी त्यांनी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली, आणि २००९च्या सुधारित गाडीत प्रत्येक हाउसिंगला सीलांवर तेल सोडणारं तिसरं नोझल दिलं. वॉरंटी आता सगळ्यांचीच संपली आहे. नोझलच्या कमतरतेवर लोक टाकीत टू-स्ट्रोकचं तेल घालतात. टाकी भरताना आधी बाटलीतून तेल, मग पेट्रोल. पुण्यात चेतक आडवी करून किक मारलेल्या आमच्या पिढीला याचं काही वाटत नाही. पंपावरच्या २टी तेलाचा वास माहीत असलेल्या माणसाला उलट बरंच वाटतं. शेजारचा अमेरिकन मात्र मी भलतंच काहीतरी ओततोय अशा नजरेने बघायचा.

हे सगळं नीट झालं की गाडीत जे परत येतं ते दुसऱ्या कशानेही येत नाही. नऊ हजारांपर्यंत इंजिन विनातक्रार चढतं, कुठेही थरथर नाही, आणि लाल रेषेजवळ पोचल्याचं सांगायला ती छोटीशी शिटी वाजते. वळणावर नाक हलकं, कारण इंजिन लहान आणि पुढच्या चाकांच्या मागे, खाली बसवलेलं. ही गाडी या इंजिनाभोवती आखलेली आहे, आणि ते प्रत्येक वळणाला कळतं. इथे व्ही-एटवाल्यांनी गप्प बसावं हे उत्तम. मीही बसतो.

व्ही-एट

होय, माझ्या गाडीत आता एलएस-१ आहे. २००१च्या शेव्हरोले कॅमारोतलं, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं, थ्रॉटलला केबल असलेलं. १९९७मध्ये कॉर्व्हेटबरोबर आलेलं हे इंजिन ५.७ लिटरचं असून इतक्या छोट्या जागेत बसतं, कारण त्याचा कॅमशाफ्ट एकच आहे आणि तोही ब्लॉकच्या पोटात. व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी उघडतात. चार कॅम डोक्यावर घेतलेली आधुनिक व्ही-एट याहून कमी लिटरची असूनही रुंदीला जास्त भरतात. जुनाट म्हणून हिणवलेली रचना इथे कामाला येते. ट्रकमधलं लोखंडी ब्लॉकचं ५.३ आणखी स्वस्त मिळतं, पण आरएक्स-८च्या नाकावर लोखंड चढवायचं असेल तर मग ही गाडी घेतलीच कशाला, असं मला वाटतं.

इंजिन बसतं हे खरं, पण त्याच्या मागे जे निघतं त्याची यादी कोणी आधी सांगत नाही. या गाडीत गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब चौकट असते, पॉवर प्लांट फ्रेम. कॅमारोचा टी-५६ गिअरबॉक्स आला की ती चौकट जाते, आणि ती गेली की डिफरन्शियलचं नाक धरायला काही उरत नाही. त्याला वेगळा आधार बनवावा लागतो. कार्बन फायबरचा मूळ प्रॉपेलर शाफ्टही निघतो, त्याजागी मापाचा नवा बनवून घ्यायचा. किट घेणार असाल तर डिफरन्शियलचा आधार किटमध्येच आहे का, हे वाचून घ्या. तो नसलेलं किट स्वस्त दिसतं.

दुसरी भानगड वायरिंगची. आरएक्स-८चं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालतं, आणि इंजिन चालू असल्याचा निरोप त्याला इंजिनाच्या संगणकाकडून गाडीतल्या डेटा वायरीवरून मिळतो. तो संगणक काढला की स्टिअरिंगच्या लेखी गाडी बंद असते. आमच्या पहिल्या चकरेत मोटर गप्प होती. इंजिन गुरगुरतंय, गाडी चालतेय आणि मी पार्किंगमध्ये दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढतोय. मीटरवर जेवढे म्हणून दिवे होते तेवढे लागलेले. उपाय ठरलेला आहे: जुन्या संगणकाचे निरोप तसेच्या तसे पाठवत राहणारी एक छोटी डबी मध्ये बसवायची. ती बसली, आणि स्टिअरिंग, आरपीएमचा काटा, तापमान सगळं जागेवर आलं. पण या डबीचं काम ज्याने आधी केलंय अशाच माणसाकडे जा. इंजिन बसवणारे पुष्कळ आहेत, स्टिअरिंग जिवंत ठेवणारे कमी.

चालवायला कशी? सरळ रस्त्यावर काय होतं ते सांगायची गरज नाही. पहिला गिअर जवळजवळ फुकट जातो. मागच्या डिफरन्शियलचं गिअर-प्रमाण मूळचं ४.४४च असल्याने पहिल्यात टाकेपर्यंत दुसरा मागतो, मी बरेचदा दुसऱ्यावरच उठवतो. हायवेला मात्र याचा फायदा. सत्तर मैलांवर रेनेसिस सव्वातीन हजारांच्या पुढे ओरडत असायचं, हे सहाव्यात दोन हजारांच्या आसपास पडून असतं. ग्रँड रॅपिड्सला जाऊन येताना आता बोलता येतं. ॲव्हरेज लांबच्या प्रवासात रोटरीपेक्षा निश्चित बरं आहे, गावात दोघंही सारखेच बकासुर. आणि रोटरी तेल पिते म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून बघायची सवय सुटली, हेही काही कमी नाही.

नाक जड झालं का? झालं. हायवेच्या गोल रॅम्पवर पूर्वी गाडी मनाने वळायची, आता हाताने वळवावी लागते. पुढच्या स्प्रिंगा थोड्या कडक केल्यावर फरक बराच भरून निघाला, पूर्ण नाही. जो रेस ट्रॅकवर जातो त्याला हे माझ्यापेक्षा जास्त बोचेल.

माझं घोडं जिथे अडलं

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की मी ताकदीसाठी व्ही-एट घेतलं. तसं नाही. माझा निर्णय माझ्या ड्राइव्हवेने केला.

आमचं गॅरेज दोन गाड्यांचं. त्यातल्या एका जागेवर सायकली, आईबाबांच्या मोठ्या बॅगा आणि मागच्या गणपतीची मखर. दुसरीवर बायकोची व्हॅन, कारण थंडीत मुलांना गरम गाडीत बसवायचं असतं. उरलेल्या गाड्या बाहेर एकामागे एक. हिवाळ्यात बर्फ ढकलणारी गाडी येते म्हणून रात्री रस्त्यावर लावायची सोय नाही. म्हणजे आरएक्स-८ कायम कुणाच्या तरी वाटेत. सकाळी सव्वासात वाजता हाक यायची, "तुझी ती जरा मागे घे ना."

आता ज्याच्याकडे रोटरी आहे त्याला हे वाक्य ऐकून पोटात का गोळा येतो ते माहीत आहे. थंड रोटरी सुरू करून पंधरा फूट मागे घेऊन बंद करता येत नाही. थंड असताना इंजिन जादा पेट्रोल मागतं. ते जळून, तापून पुढे जायच्या आत इंजिन बंद केलं तर ओलं पेट्रोल आतच राहतं, सीलांवरचा तेलाचा पापुद्रा धुऊन काढतं आणि प्लग भिजवतं. तेल गेलं की दाब धरत नाही, दाब नाही म्हणून पेट घेत नाही, पेट घेत नाही म्हणून सेल्फ मारताना आणखी पेट्रोल आत. यालाच फ्लड होणं म्हणतात. मग अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारत राहायचं, म्हणजे इंजेक्टर बंद राहतात. ते नाही जमलं तर चारही प्लग काढून सुकवायचे, आत थोडं तेल सोडायचं, दरम्यान बॅटरी बसलेली असते. हे सगळं उणे पंधरा सेल्सिअसला, हातमोजे काढून, मागे व्हॅनमध्ये शाळेला उशीर झालेली दोन मुलं आणि एक शब्दही न बोलणारी बायको.

हे टाळायचं तर सुरू केलेली गाडी पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवायची. म्हणजे पंधरा फुटांसाठी दहा-बारा मिनिटं पेट्रोल जाळत उभं राहायचं, आणि बंद करायच्या आधी काही क्षण तीन हजारांवर धरायची. मी हे वर्षानुवर्षं केलं. पाहुणे आले की केलं, गवत कापणारा आला की केलं, मुलाला बास्केटबॉल खेळायचाय म्हणून केलं. यातली खरी अडचण पेट्रोलची नव्हतीच. अडचण अशी, की ही गाडी घरात दुसऱ्या कुणालाही हलवता येत नव्हती. मी ऑफिसच्या कामाला शिकागोला गेलो की ड्राइव्हवे अडकलेला. फोनवरून मी सांगायचो, सुरू केलीस तर बंद करू नकोस, आणि बायको म्हणायची, मग मी कामावर कधी जाऊ?

रोटरीवाले मित्र यावर म्हणतात, आणि बरोबर म्हणतात, की हे तुझ्या थकलेल्या इंजिनामुळे होतं. नवं बांधलेलं इंजिन, नंतर आलेला ताकदीचा सेल्फ, ताज्या कॉइल, चांगली बॅटरी असेल तर रेनेसिस सहसा फ्लड होत नाही. माझ्या ओळखीत एकाची बांधलेली गाडी तो बिनधास्त मागेपुढे करतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण 'सहसा' हा शब्द मला सकाळी सव्वासातला नको होता. आता किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकते. ज्याला गाडी हलवायची त्याने हलवावी. बायको सुरू करते, मागे घेते, बंद करते, किल्ली परत खिळ्याला. मला ते खिडकीतून दिसतं तेव्हा पहिले काही आठवडे छातीत धस्स व्हायचं, इतकी जुनी सवय.

पैसे आणि कागद

आकडे देत नाही, ते गावागणिक बदलतात. ढोबळ सांगतो. नीट बांधलेलं रेनेसिस स्वस्त नसतं, पण त्याचा खर्च आधी कळतो: हाउसिंग किती नवी लागणार एवढाच काय तो प्रश्न, तो इंजिन उघडल्यावर सुटतो. व्ही-एटचं अंदाजपत्रक मात्र घर बांधायला काढल्यासारखं वाढत जातं. इंजिन-गिअरबॉक्स स्वस्तात मिळाला म्हणून आपण खूश, मग शाफ्ट, क्लचचं हायड्रॉलिक, रेडिएटर, एक्झॉस्ट, ती डबी, तेलाचं पॅन. मी बरंचसं काम एका मित्राच्या शेतावरच्या शेडमध्ये शनिवार-रविवारी केलं, तरीही शेवटी रोटरी बांधण्याच्या वर गेलो. सगळं काम गॅरेजला द्यायचं असेल तर फरक आणखी मोठा पडेल. दोन्ही बाबतींत इंजिनाचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जाऊ शकतो, तो विचार करायचा असेल तर आत्ताच करा आणि गाडी विकून टाका.

कागदांच्या बाबतीत मिशिगन उदार आहे. इथे गाड्यांची ठरावीक तपासणीच होत नाही. कॅलिफोर्नियात असाल तर व्ही-एटचं नाव काढण्याआधी नियम वाचा. तिथे नवं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री त्याच्यासकट यायला हवी, आणि सरकारी रेफरीसमोर (तपासनिसासमोर) गाडी उभी करावी लागते. माझं २००१चं इंजिन २००४च्या गाडीत तिथे चाललंच नसतं. तिथल्या मराठी मंडळींना मी सरळ सांगतो, रेनेसिस बांधा आणि सुखी राहा. विमा कंपनीला मात्र कुठेही असलात तरी लेखी कळवा, नाहीतर अपघाताच्या दिवशी नको तो वाद होतो.

मग तुम्ही काय करावं? मला कोणी विचारलं तर मी उलट विचारतो, तुमची गाडी उभी कुठे असते. स्वतःचं गॅरेज, स्वतःची जागा, गाडी काढायची ती फिरायलाच काढायची, एकदा सुरू केली की अर्धा-पाऊण तास खाली ठेवायची नाही, अशी चैन असेल तर रेनेसिसच बांधा. चांगल्या माणसाकडून, हाउसिंग डोळ्यांनी बघून. त्या गाडीत जे आहे ते माझ्या गाडीत आता नाही, आणि एखाद्या रविवारी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ते मला आठवतंही. पण गाडी रोजच्या धबडग्यात असेल, रांगेत दुसरी-तिसरी उभी राहत असेल, घरात तिची किल्ली दोघांच्या हाती असायला हवी असेल, तर मी व्ही-एटकडे झुकेन. गेल्या हिवाळ्यात माझी गाडी जितकी रस्त्यावर आली तितकी आधीच्या कुठल्याच हिवाळ्यात आली नव्हती. मिठाने खालून गंजेल ती, पण निदान चालून गंजेल.

काहीही ठरवलंत तरी जुनं इंजिन भंगारात देऊ नका. रोटर आणि ते ज्यावर फिरतात तो एक्सेंट्रिक शाफ्ट शाबूत असतील तर रोटरी बांधणारे ते आनंदाने घेतात, चांगल्या प्लेटाही घेतात. माझे घेतले. त्या पैशांत पुढचे ब्रेकपॅड आले, आणि व्ही-एट बसल्यापासून ते जरा लवकरच लागतात.